जपानी हिरवा चहा: आधी उकळतं पाणी बाजूला ठेवा

सांगलीला किंवा पुण्याला सुट्टीवर जायचं ठरलं की माझ्या बॅगेत चार-पाच किलो चहा जातोच. नणंद, मामी, आईच्या भजनी मंडळातल्या दोघी-तिघी, दिराच्या ऑफिसातलं कुणीतरी, सगळ्यांना 'जपानचा ग्रीन टी' हवा असतो. मी परत येऊन आठ दिवस होत नाहीत तोच फोन सुरू होतात. "अगं, कडू लागतो." "मध घालायचा का यात?" "रंग उतरत नव्हता म्हणून जरा उकळला." एका मामींनी तर विचारलं, "वजन किती दिवसांत उतरतं?" त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. बाकीची बरीचशी आहेत, आणि ती फोनवर तुकड्यातुकड्यानं देण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

माझा अधिकार म्हणाल तर एवढाच. आम्ही राहतो काकेगावात. टोकियो आणि नागोयाच्या मधलं, शिझुओका प्रांतातलं हे छोटं शहर. शिनकान्सेनमधून, म्हणजे इथल्या बुलेट ट्रेनमधून जाताना इथल्या आवागाताके डोंगराच्या उतारावर झाडांनी काढलेलं 'चहा' हे भलंमोठं चित्राक्षर दिसतं, तेच आमचं गाव. गेली सात वर्षं मी इथल्या एका चहाच्या कारखान्यात आठवड्यातून चार दिवस पाकिटं भरायला जाते. डोक्यावर जाळीची टोपी, हातात मोजे. कामावर येताना अत्तर लावायचं नाही, हाताला सुवासिक क्रीम लावायचं नाही, कारण चहा शेजारचा वास ओढून घेतो. माझा डबा, त्यात लसणाची चटणी असो वा नसो, गाडीतच राहतो. पहिल्या आठवड्यात तो कपड्यांच्या कपाटात ठेवला होता, तेव्हा आमच्या मुकादमबाई काही बोलल्या नाहीत, फक्त खिडकी उघडून उभ्या राहिल्या.

झाड एकच

दुकानात गेलं की सेंचा, ग्योकुरो, होजिचा, गेनमाइचा अशी दहा नावं दिसतात आणि वाटतं ही दहा झाडं असावीत, जशी आंब्याची हापूस, पायरी, केसर. तसं नाही. झाड एकच, आसामात आणि निलगिरीत असतं तेच, फक्त इथली जात बारीक पानाची. आणि इथे तर जातींतही फारशी विविधता नाही. शिझुओकाच्या सुगियामा हिकोसाबुरो या शेतकऱ्यानं १९०८ साली बांबूचं बेट तोडून लावलेल्या मळ्यातली दोन झाडं निवडली. बेटाच्या उत्तरेकडच्या झाडाचं नाव याबुकिता, म्हणजे शब्दशः 'बेटाच्या उत्तरेचं'. थंडीत तग धरणारं आणि चवीला समतोल असं हे झाड इतकं पसरलं, की आज जपानमधल्या चहाच्या जमिनीपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त जमिनीवर त्याचीच कलमं आहेत.

मग दहा नावं येतात कुठून? पानाचं काय केलं यातून. खुडण्याआधी झाडावर सावली धरली का, पान वाफवलं किती वेळ, आणि शेवटी त्यातला कुठला भाग घेतला, भाजला का. एवढे तीन प्रश्न विचारले की कुठलंही पाकीट तुम्हाला कळतं.

वाफेचं कारण सोपं आहे. खुडलेलं पान तसंच ठेवलं तर ते काळं पडायला लागतं, चिरलेल्या वांग्यासारखं. ते पूर्ण काळं होऊ दिलं की आपला रोजचा चहा. हिरवं ठेवायचं असेल तर लगेच उष्णता देऊन ती क्रिया थांबवावी लागते. पालक उकळत्या पाण्यातून काढला की हिरवागार राहतो ना, तसंच. चिनी लोक त्यासाठी पान कढईत परततात, जपानी वाफवतात. जपानी चहाचा तो ओल्या हिरव्याचा वास या वाफेतून येतो.

सेंचा, म्हणजे रोजचा

नुसतं 'चहा' म्हटलं की जपानी माणसाच्या डोळ्यांपुढे सेंचा येतो. उघड्या उन्हात वाढलेलं पान, वाफवलेलं, मग वळत वळत वाळवलेलं, म्हणून त्याच्या गडद हिरव्या सुया होतात. ही रीत क्योतोजवळच्या उजितावाराच्या नागातानी सोएननं १७३८ साली बसवली. त्याआधी सामान्य माणूस पितो तो चहा तपकिरी आणि रांगडा असायचा. सोएन आपला हिरवा चहा घेऊन पायी एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला गेला आणि तिथल्या यामामोतो काहेई नावाच्या व्यापाऱ्यानं तो विकायला घेतला.

सेंचाचा वास कसा? मटार सोलताना हाताला येतो तो, किंवा ओल्या हरभऱ्याचे घाटे सोलताना. चवीला आधी किंचित गोडसर, मग तुरट, आणि तुरटपणा जीभ साफ करून जातो. नुसताच तुरट लागला तर दोष पाण्याचा. त्याकडे येतेच.

आमच्या काकेगावाची खासियत म्हणजे फुकामुशी, 'खोल वाफवलेला' सेंचा. साधा सेंचा तीस-चाळीस सेकंद वाफवतात, आम्ही मिनिटभर किंवा त्याहून जास्त. इथून जवळच माकिनोहाराचं पठार आहे. ऊन भरपूर, पान जाड आणि तुरट. ते मऊ करायला इथल्या लोकांनी वाफ वाढवली. जास्त वाफेनं पान तुटतं, चुरा होतो, सुया राहत नाहीत. म्हणून पाकीट उघडल्यावर "यात भुकटीच निघाली, फसवलं" असं म्हणू नका, दिराच्या ऑफिसातल्या त्या गृहस्थांसारखं. तोच चुरा कपात उतरतो आणि चहा गढूळ, गडद हिरवा, चवीला दाट होतो. डोंगरातल्या खोऱ्यांतला, शिझुओका शहराच्या वरच्या अंगाचा, कमी वाफवलेला सेंचा मात्र अगदी उलट. सुया लांब, कपात रंग पिवळसर आणि नितळ, वास वरचढ. माझ्या मुकादमबाई फुकामुशीवर पोट भरतात आणि घरी डोंगरातला पितात. हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोललेले नाही.

माकिनोहाराचा विषय निघालाच आहे तर सांगते. शोगुनची, म्हणजे जपानच्या लष्करी राज्यकर्त्याची, सत्ता गेली तेव्हा त्याच्या पदरच्या सामुराईंना काम उरलं नाही. १८६९ साली त्यांतले काहीजण कुटुंबकबिला घेऊन या ओसाड पठारावर आले आणि तलवारीऐवजी कुदळ धरली. खालच्या ओई नदीवर शोगुनच्या काळात पूल बांधू देत नसत, प्रवाशांना हमाल खांद्यावरून पलीकडे नेत. नव्या सरकारनं होड्यांना परवानगी दिल्यावर हे हमालही बेकार झाले आणि त्यांतलेही काही वर चहा लावायला आले. आज पठारावर नजर पोचेल तिथपर्यंत चहाच्या गोल कापलेल्या ओळी आणि मधूनमधून खांबांवर पंखे. हे पंखे विजेसाठी नाहीत. वसंतात कोंब फुटलेले असताना रात्री दव गोठायला लागलं की वरची गरम हवा खाली ढकलायला ते फिरतात.

पहिली खुडणी एप्रिलच्या अखेरीस ते मे महिन्यात. जपानी हिशोबानं वसंतारंभापासून अठ्ठ्याऐंशीवा दिवस, म्हणजे २ मेच्या सुमाराला, खुडलेला चहा शुभ मानतात. आपल्या अक्षय तृतीयेच्या आगेमागे म्हणा. त्या दिवसांत आमचं गाव रात्रभर जागं असतं, कारखाने बंद होत नाहीत आणि वाफवलेल्या पानाचा वास थेट बेडरूममध्ये येतो. या पहिल्या चहाला शिनचा म्हणतात. हिवाळाभर झाडानं साठवलेला गोडवा त्यात असतो. दुसरी खुडणी जूनमध्ये, ती जास्त तुरट आणि स्वस्त. पाकिटावर 'इचिबान-चा' म्हणजे पहिली, 'निबान-चा' म्हणजे दुसरी. पैसे कशासाठी मोजतोय हे त्यावरून कळतं.

आता करायचा कसा

आपल्या हाताला आधणाची सवय आहे. पाणी खळखळलं पाहिजे, पत्ती त्यात नाचली पाहिजे, रंग आला पाहिजे. सेंचासाठी ही सवय नडते. पानातला गोडवा देणारा थिआनिन हा घटक कोमट पाण्यातही उतरतो. कडू-तुरट कॅटेचिन आणि कॅफिन मात्र पाणी जितकं गरम तितकं भराभर सुटतं. म्हणजे एकाच पानातून गोड चहाही निघतो आणि काढाही.

थर्मामीटर लागत नाही. इथल्या शेजारच्या आजींनी मला शिकवलेली रीत अशी. पाणी उकळा. उकळल्यावर ते दोन रिकाम्या कपांत ओता. भांडं बदललं की पाणी साधारण दहा अंशांनी उतरतं. पुन्हा दुसऱ्या भांड्यात ओतलं, आणखी दहा. दोनदा बदललं की पाणी सत्तर-ऐंशीच्या आसपास येतं आणि सेंचाला तेवढंच हवं. कप तळहातात धरवतो पण चटका जाणवतो, ही खूण. शिवाय कपानं मोजलेलं पाणी नेमकं तितक्याच माणसांचं असतं.

दोघांसाठी पाच ग्रॅम चहा, चहाचे दोन चमचे शीग लावून. पाणी दोन लहान कप, मिळून १६० ते १८० मिलिलिटर. निवलेलं पाणी पानांवर ओता, झाकण ठेवा आणि साधा सेंचा असेल तर एक मिनिट थांबा, फुकामुशी असेल तर अर्धा मिनिट. ढवळू नका, हलवू नका. हलवलं की तुरटपणा वर येतो. मग दोन्ही कपांत थोडं थोडं आळीपाळीनं ओता, पहिल्यात, दुसऱ्यात, परत दुसऱ्यात, पहिल्यात, म्हणजे दोन्ही कप सारखे होतात. आणि शेवटचा थेंब निथळेपर्यंत भांडं उपडं धरा. सगळ्यात दाट चव त्या थेंबांत असते, शिवाय पाणी आत राहिलं तर पुढच्या खेपेपर्यंत पानं शिजत बसतात. झाकण किंचित कलतं ठेवा.

पानं टाकू नका. दुसऱ्या खेपेला पाणी जरा जास्त गरम, आणि थांबायचं जेमतेम दहा सेकंद. पानं आधीच उमललेली असतात. तिसरी खेपही निघते. पहिली गोड, दुसरी तुरट, तिसरी जेवणानंतरची.

भांडं म्हणाल तर जपानी लोक क्यूसू वापरतात, बाजूला दांडी असलेली छोटी किटली. नागोयाच्या जवळच्या तोकोनामेची लाल मातीची प्रसिद्ध. घ्यायचीच असेल तर आतली जाळी बारीक बघून घ्या, फुकामुशीचा चुरा अडला पाहिजे. पण त्यावाचून अडत नाही. सांगलीत मी झाकणाची वाटी, स्टीलची दोन फुलपात्रं आणि आईची रोजची गाळणी यांवर सेंचा करते. फक्त ती गाळणी आलं-वेलदोड्याची असेल तर आधी उकळत्या पाण्यातून काढा.

पाण्याबद्दल एक. जपानचं पाणी मऊ, म्हणजे क्षार कमी असलेलं. पुण्यात नणंदेकडे बोअरच्या पाण्यात केलेला माझा उत्तम शिनचा मातकट पिवळा उतरला होता आणि सगळे माझ्याकडे बघत होते. फिल्टरचं पाणी घेतलं, चहा हिरवा झाला. क्षारांच्या पाण्यात रंगही दबतो आणि वासही.

सावलीतले चहा

खुडणीच्या सुमारे वीस दिवस आधी झाडांवर छप्पर घातलं, पूर्वी बांबूच्या तट्ट्या आणि गवताचं, आता बहुतेक काळ्या जाळीचं, की पानाचा नूरच बदलतो. थिआनिन मुळांत तयार होतो आणि पानात चढतो. उन्हात त्याचं कॅटेचिन होतं, म्हणजे गोडाचं तुरट होतं. ऊनच अडवलं तर गोडवा शिल्लक राहतो. अंधारात पान उजेड शोधायला पातळ होतं, हिरवेपण वाढवतं.

असं सावलीत वाढवून सेंचासारखंच वळलेलं पान म्हणजे ग्योकुरो. १८३५ सालाच्या सुमारास उजीत याची सुरुवात झाली. आज फुकुओका प्रांतातलं यामे, क्योतोकडचं उजी आणि आमच्या शिझुओकातलं आसाहिना ही त्याची नामांकित गावं. त्याला समुद्राच्या शेवाळाचा वास येतो, आणि चव चहासारखी नसतेच मुळी. पहिल्यांदा प्यायले तेव्हा मला मुगाचं कढण आठवलं, पातळ, किंचित खारट वाटणारं, जिभेवर रेंगाळणारं. नवऱ्यानं सरळ विचारलं, "यात मॅगीचा मसाला टाकलाय का?" अपमान वाटू देऊ नका, त्याच्या जिभेला जे कळलं ते बरोबर होतं. त्या चवीला जपानी लोक उमामी म्हणतात.

ग्योकुरोला पाणी पन्नास-साठ अंशांचं. तीन-चार वेळा भांडं बदला, नाहीतर विसरून एखादा फोन उरकून या. दहा ग्रॅम पानाला पाणी फक्त साठ मिलिलिटर, दोन-अडीच मिनिटं. प्रत्येकाच्या वाट्याला दोन घोट येतात, तीर्थासारखे. आणि ते तसेच प्यायचे, कपभर नाही. जपानच्या सरकारी अन्नघटक तक्त्यात अशा ग्योकुरोच्या १०० मिलिलिटरमध्ये १६० मिलिग्रॅम कॅफिन दिलंय, कॉफीत ६०, सेंचात २०. संध्याकाळी सातनंतर मी तो कुणाला देत नाही.

सावली आठवडा-दहा दिवसच धरली तर तो काबुसेचा, सेंचा आणि ग्योकुरो यांच्या मधला. मिए प्रांतात सर्वांत जास्त होतो. ग्योकुरोची किंमत झेपत नसेल आणि ती चव कळून घ्यायची असेल तर हा घ्या.

आणि माच्चा. याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज. सावलीतलं पान वाफवून, न वळता तसंच सपाट वाळवतात. देठ आणि शिरा काढून टाकतात. उरतो तो तेंचा. तो दगडी जात्यात दळला की माच्चा. जातं सावकाश फिरावं लागतं, घाई केली की पीठ तापतं आणि वास जातो. म्हणून एका जात्यातून तासाला ४० ग्रॅमच्या आसपास पीठ निघतं. आजी जात्यावर बसली की तासाभरात अख्ख्या घराच्या भाकरीचं पीठ काढायची, म्हणून हा आकडा ऐकून मला हसू आलं होतं.

साधा सेंचा दळून केलेली भुकटी वेगळी. तिला फुनमात्सु-चा म्हणतात. स्वस्त असते, रंग पिवळट हिरवा, चव तुरट. ती वाईट नाही, मी थालीपिठात घालते. पण ती माच्चा म्हणून माच्चाच्या भावानं विकत घेऊ नका. २०२४ पासून जगभर माच्चाची अशी काही झुंबड उडाली आहे की उजीतल्या दुकानांनी एका माणसाला किती डबे द्यायचे यावर मर्यादा घातल्या, आणि सेंचाचे शेतकरी तेंचाकडे वळायला लागले. कामावरच्या बायका यावर फार बोलतात. त्यात २०२४ साली कागोशिमानं उत्पादनात शिझुओकाला पहिल्यांदाच मागे टाकलं, तेव्हापासून तर त्या दक्षिणेच्या प्रांताचं नाव आमच्याकडे जरा जपूनच घ्यावं लागतं.

माच्चा करायला दोन ग्रॅम पीठ चाळून वाडग्यात घ्या, ऐंशी अंशांचं साठ-सत्तर मिलिलिटर पाणी घाला आणि बांबूच्या चासेननं, म्हणजे बारीक काड्यांच्या घुसळणीनं, मनगटातून भरभर पुढे-मागे घुसळा, गोल गोल नाही. ताकाच्या रवीनं जमत नाही, मी करून पाहिलंय. आणि गोड आधी खायचं, माच्चा नंतर. आपण चहाबरोबर बिस्कीट खातो तसं मधूनमधून नाही. माझ्याकडे त्यासाठी साताऱ्याचा कंदी पेढा असतो. संपला की मग नाइलाजानं जपानी मिठाई.

चाळणीखालचे चहा

माझं काम ज्या टोकाला असतं तिथे हे चहा जन्मतात. शेतकऱ्याकडून येतो तो कच्चा माल म्हणजे आराचा. त्यात पान, देठ, चुरा सगळं एकत्र. आमच्याकडे तो चाळतात, देठ वेगळे काढतात आणि शेवटी पुन्हा एकदा कोरड्या आचेवर तापवतात. सेंचातून निघालेले फिकट देठ म्हणजे कुकिचा. ग्योकुरोच्या किंवा उंची सेंचाच्या देठांना कारिगाने म्हणतात. देठ गोड असतात, तुरट जवळजवळ नाहीत, आणि किंमत पानाच्या निम्मी. नव्यानं सुरुवात करणाऱ्या कुणालाही मी सेंचाच्या आधी हाच देते. पाणी जरा जास्त गरम झालं तरी माफ करतो.

चाळणीतून खाली पडलेला बारीक चुरा म्हणजे कोनाचा. सुशीच्या दुकानात मोठ्या जाड कपात मिळतो तो हाच. त्यावर गरम पाणी गाळणीतून सरळ ओततात. माशाचं तेल जिभेवरून धुऊन काढायला असाच कडक चहा लागतो. बांगड्याच्या जेवणानंतर करून बघा.

भाजलेले, म्हणजे आपल्या माणसांचे

मोठी झालेली, जून पानं आणि उशिराच्या खुडणीचा माल म्हणजे बांचा. हा उकळत्या पाण्यात चालतो. क्योतोकडचा भाजलेला क्योबांचा तर मोठाली पानं आणि काड्यांसकट येतो आणि त्याला लहानपणीच्या बंबाच्या धुराचा वास असतो. मला तो फार आवडतो, नवरा दार लावून घेतो.

बांचा किंवा देठ खरपूस भाजले की होजिचा. रंग तपकिरी, पण हिरव्या चहाच्याच घरातला. कानाझावाचा नुसत्या देठांचा भाजलेला कागा-बोचा हा त्यातला खानदानी. याला सगळे नियम माफ. पाणी उकळतं घाला, अर्ध्या मिनिटात गाळा, मोठ्या मगमध्ये प्या. वास भाजलेल्या शेंगदाण्यांकडे जाणारा. दूध चालतं का, हा पुढचा प्रश्न असतोच. होजिचात चालतं, जपानी कॅफेतही तसा देतात. यात कॅफिन नसतं असं मात्र समजू नका. मघाच्या तक्त्यात होजिचा आणि सेंचा दोघांचाही आकडा २० आहे.

गेनमाइचा म्हणजे बांचा किंवा सेंचात साधारण तितकेच भाजलेले तांदूळ. त्यातले काही फुललेले असतात. पाकिटातून चक्क लाह्या निघाल्या म्हणून आईनं देवापुढे ठेवल्या होत्या. हाही उकळत्या पाण्याचा. पोह्यांबरोबर सकाळी उत्तम.

आणखी एक, फक्त नावापुरता, कारण तो इकडे कमी मिळतो: क्यूशूतल्या उरेशिनोचा किंवा मियाझाकीच्या डोंगरातला कामाइरिचा. हा न वाफवता कढईत परतलेला. हुरडा आवडणाऱ्यांनी शोधून आणावा. त्याच भागात तामार्योकुचाही होतो, सुईसारखा सरळ न करता वळलेला सोडून दिलेला.

उन्हाळ्यासाठी

मे महिन्यात नागपूरच्या माणसाला गरम सेंचा सांगणं क्रूरपणा आहे. लिटरभर गार पाण्यात दहा-पंधरा ग्रॅम फुकामुशी घालून फ्रिजमध्ये तीन तास ठेवा, गाळा. गार पाण्यात तुरट आणि कॅफिन कमी सुटतं, त्यामुळे इथे चुकायला जागाच नाही. ज्यांना गरम चहा कडू लागला त्या सगळ्यांना मी हा पाजला आणि सगळ्यांनी पाकीट ठेवून घेतलं.

ग्योकुरोची उरलेली पानं मऊ असतात. इथे त्यांवर सोया सॉस आणि लिंबू पिळून खातात. मी वर हिंग-मोहरीची फोडणी देते.

घेताना आणि ठेवताना

पहिल्या खरेदीला एक कुकिचा, एक होजिचा आणि १०० ग्रॅमला १००० येनच्या आसपासचा एक सेंचा, बस. 'उजी-चा' असं लिहिलेलं असलं म्हणजे सगळं पान उजीतलंच असं नाही. क्योतो, नारा, शिगा आणि मिए या चार प्रांतांतलं पान क्योतोत तयार केलं तरी ते नाव लावता येतं. हवाबंद पाकीट न उघडता फ्रिजमध्ये टिकतं, पण बाहेर काढल्यावर लगेच कापू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पानांवर दव धरतं. एकदा उघडलं की फ्रिजमध्ये परत ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधारात ठेवा आणि महिन्याभरात संपवा. पाहुण्यांसाठी राखून ठेवायची ही वस्तू नाही.

जुना झालेला सेंचा फेकू मात्र नका. कोरड्या तव्यावर, मंद आचेवर, हलवत राहा. चार-पाच मिनिटांत तपकिरी होऊन घमघमाट सुटतो. घरचा होजिचा तयार.

हा उपाय मी मामींच्या घरीही केला. मागच्या वर्षी दिलेलं शिनचाचं पाकीट त्यांनी कात्रीनं कापून, रबर लावून, गोड्या मसाल्याच्या बरणीशेजारी जपून ठेवलं होतं, मी येईन तेव्हा माझ्या हातचा प्यायचा म्हणून. सगळा चहा तव्यावर घातला, चांगला खरपूस भाजला, कप भरले. मामी म्हणाल्या, "छान झालाय गं." दगडफुलाचा वास शेवटपर्यंत गेला नाही.